इंजिन हवा घेतंय, पण कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी वीसएक वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी, इंजेक्शनवाली. इंजिन गरम झालं की आयडलिंगला (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही) आरपीएम ८०० ते १,५०० असा वर-खाली होत राहतो आणि थांबताना कधीकधी गाडी बंद पडते. हायवेला मात्र काही तक्रार नाही. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), असा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला. तीन दिवसांत दिवा परत. मग कुणीतरी व्हॅक्यूम लीक (भलत्याच फटीतून इंजिनात हवा शिरणं) सांगितलं, फटीतून स्प्रे आत गेला तर आरपीएम बदलेल म्हणून तुम्ही कार्ब क्लीनरचा आख्खा डबा इंजिनभर मारला, आरपीएम हलला नाही. आता विचारताय की लीक नाही असं धरून पेट्रोल पंप बदलायचा का.

पंपाला अजून हात लावू नका. स्प्रे मारून आरपीएम हलला नाही यावरून लीक नाही असं सिद्ध होत नाही, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं तर लीककडेच बोट दाखवतात. तरीही मी इथून छातीठोकपणे ‘अमुक पाइप फुटलाय’ असं सांगणार नाही, कारण दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत: तुमच्या गाडीत हवा मोजायची पद्धत कोणती, आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) किती दिसतंय. या दोन गोष्टी कळल्या की शोधायची जागा निम्म्याहून कमी होते. लीक हुडकायच्या आधी ते आहे का आणि कोणत्या बाजूला आहे हे आकड्यांवरून ठरवायचं, मग हातात टॉर्च घ्यायचा. बहुतेक लोक हे उलटं करतात आणि त्यात पार्ट बदलत राहतात.

आधी हायवेला त्रास का नाही ते समजून घेऊ, कारण निदान तिथेच दडलंय. आयडलिंगला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळपास बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात) जोरदार ओढ असते. बाहेरचा दाब समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, आतला ३० ते ४०. एवढा फरक असला की भोकातून हवा जास्तीत जास्त वेगाने आत येते, आणि ओढ आणखी वाढली तरी त्याहून जास्त येत नाही. तीन मिलिमीटर व्यासाचं भोक धरा. त्यातून सेकंदाला साधारण १ ग्रॅम हवा आत येते. दीड लिटरच्या गरम इंजिनाला आयडलिंगला एकूण हवा लागते ती सेकंदाला दीड-दोन ग्रॅम. म्हणजे इंजिनाचा निम्मा घास मोजमाप चुकवून आत शिरला. हायवेला त्याच इंजिनाची भूक वीस ग्रॅमच्या पुढे जाते, थ्रॉटल उघडल्यामुळे ओढही कमी होते, आणि तो एक ग्रॅम हिशेबातही येत नाही. पंप कमजोर असता किंवा पेट्रोलचा फिल्टर चोंदला असता तर नेमकं उलटं झालं असतं: आयडलिंगला गाडी बरी आणि चढावर, ओव्हरटेकला दम तोडणारी.

आरपीएमचे हेलकावेही यातूनच येतात. बाहेरून आलेल्या हवेमुळे आयडल चढतो. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि आरपीएम मात्र ठरलेल्या आकड्याच्या वर, असं दिसलं की गाडी गिअरमध्ये उतारावरून सुटली आहे असं ईसीयू धरून चालतो आणि पेट्रोल तोडतो. आरपीएम कोसळतो, पेट्रोल परत चालू होतं, पुन्हा चढतो. हे चक्र एका लयीत चालतं, घड्याळ लावून मोजता येईल इतकं. मिसफायरचा (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटण्याचा) झटका असा नसतो, तो अनियमित असतो. बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतं ऐकलंत तरी यातलं कोणतं आहे ते कळेल.

आता हवा मोजायच्या पद्धतीकडे. एअर फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये वायरिंगचा सॉकेट असलेला सेन्सर बसवलेला दिसला तर तुमची गाडी हवेचं वजन थेट मोजते, म्हणजे मास एअरफ्लो पद्धत. फार जुन्या गाड्यांत तिथे फडकीवाला मीटर असतो, तत्त्व तेच. तिथे काहीच नसेल आणि मॅनिफोल्डवर, किंवा बारीक रबरी पाइपने मॅनिफोल्डला जोडलेला, एक छोटा चौकोनी सेन्सर असेल तर ती मॅप पद्धत. ती हवा मोजत नाही, मॅनिफोल्डचा दाब बघून अंदाज बांधते. फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या पद्धतीत मीटरच्या पुढे कुठूनही आलेली हवा ईसीयूला दिसत नाही, म्हणून मिश्रण लीन होतं आणि ट्रिम वर जातं. मॅप पद्धतीत हवा आली की दाब वाढतो, तो ईसीयूला दिसतो आणि तो पेट्रोलही वाढवतो. मग मिश्रण बरंच जुळतं, पण आयडल चढलेला राहतो. अशा गाडीत ट्रिम शून्याच्या आसपास दिसलं म्हणून लीक नाही असं म्हणू नका. आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा) पूर्ण बंद आणि तरी आरपीएम जास्त, हे तिथलं लक्षण. शिवाय लीक एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर तेवढा एक सिलिंडर लीन होऊन मिसफायर करतो, हेही मॅपवाल्या गाड्यांत मी बरेचदा पाहिलंय. तुमच्याकडे लीनचा कोड आलाय, म्हणून बहुधा एअरफ्लो सेन्सर असावा. पण नजरेने खात्री करा.

मग स्कॅनर लावा. साधा ब्लूटूथवाला चालतो, फक्त त्यात चालू आकडे दिसायला हवेत. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, दिवे बंद. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचं) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेलं) ट्रिमची बेरीज आयडलिंगला लिहून घ्या. मग आरपीएम २,५०० ला धरून अर्धा मिनिट थांबा आणि परत लिहा. आयडलिंगला अधिक २० किंवा त्याहून जास्त आणि २,५०० ला अधिक ५ च्या आत आलं, तर लीकच समजा. दोन्हीकडे सारखंच अधिक १५-२० असेल तर एअरफ्लो सेन्सरवर धूळ बसली असेल किंवा पेट्रोलचा दाब कमी असेल. रिकाम्यात ठीक आणि लोडवर वाढत गेलं तर मात्र पंप-फिल्टरकडे वळा. कोड पडला त्या क्षणाची नोंदही स्कॅनरमध्ये असते, तीही उघडून बघा. त्यात आरपीएम ८५० आणि गाडीचा वेग शून्य असेल, तर त्या नोंदीनेच तुमचा पंपाचा खर्च वाचवला. इंजिन व्ही आकाराचं असेल आणि एकाच बाजूचा कोड असेल, तर लीकही त्याच बाजूच्या सिलिंडरांजवळ.

इथे एक सावधगिरी. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, तो फक्त सायलेन्सरमधला ऑक्सिजन बघतो. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधून न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडला तरी त्याला ते लीनच वाटतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग सेन्सरच्या आधी फुटलेलं असेल तर दोन धक्क्यांच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते, तेही लीन दिसतं. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर पहिलं मिनिटभर टिक-टिक असा आवाज येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर तिकडे बघा. तुमचा सेन्सर बहुधा खरं तेच सांगत होता, आणि खरं सांगणारा सेन्सर बदलून रोग जात नाही.

बरं, मग स्प्रेने काही का कळलं नाही? याची चार कारणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. पहिलं, तुम्ही आरपीएमकडे बघत होतात. ईसीयू आयडल व्हॉल्व्हने आरपीएम क्षणात सावरतो, फरक लपून जातो. स्प्रे मारताना आरपीएमकडे नाही, ऑक्सिजन सेन्सरच्या व्होल्टेजकडे बघायचं. ते ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झुलत असतं. लीकवर स्प्रे गेला की ते एकदम ०.८ च्या वर जाऊन तिथेच थबकतं आणि शॉर्ट टर्म ट्रिम खाली येतं. दुसरं, हेलकावे खाणाऱ्या इंजिनावर कुठलाच फरक ओळखू येत नाही. आधी थ्रॉटल हलकाच दाबून १,५०० च्या आसपास स्थिर धरायला कुणाला तरी बसवा. तिसरं, रेडिएटरचा पंखा स्प्रे उडवून लावतो आणि लीक नेमकं खालच्या बाजूला असतं. चौथं सगळ्यात महत्त्वाचं: काही लीक आतून असतात. ब्रेक बूस्टरचा (पॅडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) पडदा, टाकीच्या वाफा ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागाच्या) व्हेंटिलेशनचा पडदा. बाहेरून डबे रिकामे केलेत तरी स्प्रे तिथे पोहोचतच नाही.

आणि कळकळीने सांगतो, कार्ब क्लीनर तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर भडका उडतो. आधी बागेला पाणी मारायचा साधा फवारा वापरा. पाण्याने भेग क्षणभर बंद होते, आवाज बदलतो, बऱ्याच वेळा तेवढं पुरतं. इग्निशन कॉइल आणि वायरिंगवर मात्र नको. क्लीनर लागलाच तर एका जागी अर्धा सेकंद, जवळ अग्निशामक, आणि गाडी मोकळ्या हवेत.

माझा स्वतःचा क्रम वेगळा आहे. स्प्रे मी शेवटी घेतो.

सुरुवात एअरफ्लो सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीच्या मधल्या रबरी बूटपासून, म्हणजे घड्यांच्या जाड पाइपपासून. इंजिन थरथरतं, फिल्टरचा डबा मात्र बॉडीला जखडलेला असतो, मधला सगळा ताण त्या घड्या सोसतात. भेग वरून दिसत नाही, कारण ती घडीच्या तळाशी आणि खालच्या अंगाला असते. बूट काढा, हातात घेऊन भात्यासारखा लांब ताणा आणि हळूहळू फिरवा. नुसत्या काळ्या रेघेसारखी दिसणारी जागा ताणल्यावर ओठ उघडावेत तशी उघडते. अंधारात आत टॉर्च घालून बघितलं तर प्रकाशाची सुतासारखी रेघ बाहेर येते. एक गाडी माझ्याकडे तीन वेळा आली होती, उभी असताना सगळं चोख. शेवटी ब्रेक घट्ट दाबून रिव्हर्समध्ये हलका क्लच सोडला आणि बॉनेटपाशी उभ्या असलेल्या मुलाने हाक मारली. इंजिनाचं माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) खचलेलं होतं, भार आला की इंजिन एका बाजूला झुकायचं आणि बूटाची भेग उघडायची. गाडी न्यूट्रल केली की परत मिटायची. बूट बदलला, माउंटिंगही बदललं. नुसता बूट बदलला असता तर नवाही वर्षभरात फाटला असता. (ही चाचणी करताना गाडीच्या पुढे किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं.)

दुसरी जागा क्रँककेसचं व्हेंटिलेशन, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचे पाइप. तेलाच्या वाफेने हे रबर कडक होत नाही, उलट चिखलासारखं मऊ पडतं. मॅनिफोल्डखालचा कोपरा बोटांनी दाबून बघा, बोटं काळी होत असतील आणि रबर दबून परत येत नसेल तर तो गेला. यासाठी एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढा. एअरफ्लो सेन्सर असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिन लगेच अडखळायला हवं, कारण तिथून बिनमोजणीची हवा गेली. काहीच फरक पडला नाही तर एक तर व्हेंटिलेशन चोंदलंय, नाहीतर आधीच एवढं मोठं लीक आहे की या नव्या हवेने काही बिघडत नाही. आणि झाकण हाताला घट्ट चिकटून बसलं, उचलताना शिट्टी वाजली, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय किंवा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. डिपस्टिकची ओ-रिंग आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंगही अशा गाडीत हवेचं दार बनू शकतं, हे लक्षात ठेवा.

तिसरी जागा ब्रेक बूस्टर, आणि ही मी आयुष्यभर विसरणार नाही. कामाला लागून थोडी वर्षं झाली होती. अशीच लक्षणं असलेली गाडी आली, मी स्प्रेवर विसंबून इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग ठरवलं, दिवसभर खपून मॅनिफोल्ड उतरवला, नवं पॅकिंग टाकलं. संध्याकाळी गाडी चालू केली तर हेलकावे तसेच. मालक समोर उभे. मग ते सहज बोलले, हल्ली ब्रेक दाबला की पायाशी सुस्कारा ऐकू येतो. बूस्टरचा पडदा फाटलेला होता. तेव्हापासून प्रत्येक गाडीत मॅनिफोल्डला हात लावण्याआधी मी दोन मिनिटं ब्रेकला देतो: इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा, इंजिन चालू करा, पॅडल थोडं खाली जायला हवं. मग पॅडल दाबलेलं ठेवून इंजिन बंद करा, अर्ध्या मिनिटात ते पायाला वर ढकलायला लागलं तर बूस्टर हवा सोडतोय. पॅडल दाबल्यावर आरपीएम बदलतो का, हेही बघा. खात्रीसाठी गाडी उभी असताना मॅनिफोल्डपाशी बूस्टरचा पाइप गुळगुळीत तोंडाच्या चिमट्याने दाबता येतो. हेलकावे थांबले तर चोर सापडला. चिमटा लावून गाडी मात्र चालवायची नाही. ब्रेक दगडासारखा होतो.

हीच चिमट्याची पद्धत बाकीच्या पाइपांना लावा: एकेक पाइप दाबायचा, ट्रिम बघायचं, सोडायचा, पुढचा. पर्ज व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडचा (टाकीच्या वाफा साठवणाऱ्या डब्याकडचा) पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. स्कॅनरवर पर्ज शून्य टक्के असताना बोटाला सतत ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. पेट्रोल भरल्यानंतर गाडी चालू व्हायला त्रास होत असेल तर याच्यावर माझा पहिला संशय असतो. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा बारीक व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्या. आत ओलं पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा गेला, ते वेगळं आणि तातडीचं काम आहे. राहिल्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा, थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटलची झिजलेली दांडी. यांची पाळी वरचं सगळं निर्दोष ठरल्यावर. गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी असा त्रास असता तर मी पॅकिंग आणि ओ-रिंगा आधी धरल्या असत्या, कारण धातू तापून फुगला की त्या फटी मिटतात. तुमचं गरमवर जास्त आहे, म्हणून माझा कल रबरी बूट, पीसीव्ही आणि पर्जकडे.

एवढं करूनही हाती लागलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये तेलाचा धूर हलक्या दाबाने भरतात आणि धूर कुठून निघतो ते बघतात. घरच्या घरी लावलेल्या तासांपेक्षा ती वीस मिनिटं स्वस्त पडतात. दाब १ पीएसआयच्या आसपासच हवा. कुणी कॉम्प्रेसरचा पाइप सरळ मॅनिफोल्डला लावत असेल तर थांबवा. धड असलेले ऑइल सील त्याने बाहेर येतात. आणि बूस्टरचा बारीक पडदाफाट धुरात नेहमी दिसत नाही, कारण धूर केबिनच्या बाजूला, पॅडलपाशी निघतो. तिथेही एकाने डोकं घालून बघायला हवं.

दुरुस्तीत तीन चुका टाळा. भेगेवर टेप किंवा सिलिकॉन लावून भागवू नका: टेप उष्णतेने सुटते, आणि साध्या सिलिकॉनच्या वाफेने तुमचा नवा ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. जुने व्हॅक्यूम पाइप बदलताना एकेकच काढा, तेवढ्याच आतल्या व्यासाचा लावा, आणि फेकण्याआधी जुन्यात फुंकून बघा. काही पाइपांत मण्याएवढा बारीक भोकाचा अडसर मुद्दाम बसवलेला असतो. तो नव्यात घातला नाही तर तुम्हीच नवं लीक तयार केलंत. मॅनिफोल्ड उघडलाच तर बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड जोर लावला की तडकतो.

आणि थ्रॉटल बॉडीवरच्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका. तो आयडल कमी-जास्त करायचा स्क्रू नाही. याआधी कुणी तो फिरवला असेल, आणि हेलकावे खाणाऱ्या गाडीत तो बहुधा कुणीतरी फिरवलेलाच असतो, तर थ्रॉटल बंद असतानाचं पोझिशन सेन्सरचं व्होल्टेज तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून तो आधी मूळ जागी आणा. नाहीतर लीक बुजल्यावर गाडी वेगळ्याच कारणाने बंद पडेल आणि तुम्हाला वाटेल की लीक अजून आहे.

काम झाल्यावर कोड आणि शिकलेले ट्रिम पुसून टाका. पहिले काही किलोमीटर आयडल वेडावाकडा वागला तरी घाबरू नका, ईसीयू नव्याने शिकतोय. शहरात आणि हायवेला मिळून तीन-चार दिवस चालवा आणि गरम आयडलिंगची ट्रिमची बेरीज परत घ्या. शून्याच्या दोन्ही बाजूंना पाचच्या आत आली की काम झालं. अधिक २५ वरून अधिक १२ वर येऊन अडकली, तर तुम्ही सापडलेलं लीक खरंच बुजवलंय, पण दुसरं एक राहिलंय. वीस वर्षांच्या रबरात एकाच वेळी दोन-तीन जागा उघडलेल्या मला नेहमी सापडतात. पुन्हा बूटापासून सुरुवात करा.